उपज, पदरची वाक्ये आणि वेळ निभावणे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळच्या टपालातले बरेचसे प्रश्न एकाच विषयाभोवतीचे निघाले : आधी न ठरवता, त्या क्षणी, लोकांसमोर काही निर्माण करणे. गायक त्याला उपज म्हणतात, नाटकातली माणसे ॲडिशन किंवा इम्प्रोव्हायझेशन म्हणतात आणि घरात किंवा कचेरीत आपण त्याला वेळ निभावणे म्हणतो. पत्रे मोठी होती, त्यामुळे आशय राखून ती थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मी बरीच वर्षे ख्याल शिकत आहे. वहीत उतरवून घेतलेले आलाप आणि ताना मला बिनचूक येतात. पण गुरुजी ‘आता तुझे तू गा’ म्हणाले की दोन-तीन आवर्तनांत माझ्याजवळचे सगळे संपते. उपज शिकता येते, की ती उपजतच असावी लागते?
– गायनाची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उपज शिकता येते आणि आपल्याकडे ती पिढ्यानपिढ्या शिकवली गेली आहे. मात्र वही त्या कामी फारशी येत नाही, कारण वहीत आलापाचा शेवटचा आकार उतरलेला असतो. गाणारा त्या स्वरावर का थांबला, पुढचा स्वर त्याने का लांबवला, यांतले काहीच तिच्यात नसते. तुमच्याच गावात शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिलेले अल्लादियाखाँसाहेब (१८५५–१९४६) ज्या परंपरेतले होते, तिच्यात शिष्याने गुरूच्या समोर बसावे आणि गुरूच्या तोंडून आलेला स्वरसमूह जसाच्या तसा गळ्यात उतरेपर्यंत म्हणत राहावे, अशी तालीम असे. वरवर पाहता ही निव्वळ पाठांतराची पद्धत वाटते. परंतु तोच स्वरसमूह गुरू पुन्हा म्हणतो तेव्हा त्यात किंचित फरक झालेला असतो, आणि असे फरक ऐकून ऐकूनच शिष्याला हळूहळू उमगते की या रागात काय हलवता येते आणि काय हलवता येत नाही.

आता एक प्रत्यक्ष अभ्यास सांगतो. भूप राग घ्या आणि विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालातली एखादी बंदिश घ्या. मात्रेला चार सेकंद धरले, तर बारा मात्रांचे आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचे होते, म्हणजे विचार करायला पुरेशी सवड असते. पहिली काही आवर्तने फक्त षड्ज, रिषभ आणि मंद्र धैवत एवढ्यांतच गा. गंधाराला हातसुद्धा लावू नका. तीनच स्वर हाताशी उरल्यावर गळा आपोआप इतर गोष्टी शोधू लागतो. एखादा स्वर किती लांबवायचा, त्याच्यावर खालून यायचे की वरून, बोलाचे कोणते अक्षर त्याच्यावर ठेवायचे, कुठे श्वास घ्यायचा, हे सगळे तिथे सुचू लागते. मग गंधार आणा आणि बराच वेळ मुक्काम त्याच्यावरच ठेवा, कारण तो या रागाचा वादी, म्हणजे सर्वांत प्रमुख स्वर आहे. पंचम आणि धैवत त्यानंतर. या क्रमालाच बढत म्हणतात, आणि आपल्याजवळचे सगळे लवकर संपते याचे कारण बहुतेकदा असे असते की पहिल्याच आवर्तनात आपण तार षड्जापर्यंत जाऊन आलेलो असतो.

आणखी एक गोष्ट भूपातच चांगली कळते. त्याचे जे पाच स्वर आहेत, तेच देसकाराचेही आहेत. गणिताने पाहिले तर पाच स्वरांच्या एकशेवीस मांडण्या होतात. अशा मांडण्या घोटून बसवण्याचा खंडमेरूचा (यालाच मेरुखंडही म्हणतात) रियाज मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याने केला, आणि इंदूरच्या अमीरखाँसाहेबांच्या (१९१२–१९७४) गायकीतही मेरुखंडाला मोठे स्थान होते. या रियाजाने गळ्याला कोणतीही वाट अपरिचित राहत नाही, म्हणून तो जरूर करावा. पण त्या एकशेवीस मांडण्या एकामागून एक गायल्या, तर त्यांतून भूपही उभा राहणार नाही आणि देसकारही नाही. धैवतावर रेंगाळलात की देसकार डोकावू लागतो. गंधाराकडे ओढ ठेवलीत की भूप टिकतो. कोणत्या स्वरावर किती थांबायचे याचा हा निवाडाच उपजेचा गाभा आहे, आणि तो पुष्कळ ऐकल्याखेरीज येत नाही.

राहिला परतण्याचा भाग, आणि माझ्या मते तुमची खरी अडचण तिथेच आहे. बहुतेक विद्यार्थी सुचत नाही म्हणून अडत नाहीत. मुखड्यावर, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्यावर, वेळेत येता येणार नाही या धास्तीने ते मुळात बाहेरच पडत नाहीत. म्हणून काही दिवस उलट बाजूने रियाज करून पाहा. मुखडा अकराव्या मात्रेवर उठत असेल, तर नवव्या आणि दहाव्या मात्रेवर काय गायचे एवढाच विचार करा. मुखड्याच्या पहिल्या स्वराजवळ निरनिराळ्या दिशांनी कसे येता येईल, ते शोधा आणि त्या जागा पक्क्या करा. आवर्तनाच्या आरंभी काहीच न गाता नुसता ठेका ऐकलात तरी हरकत नाही. परतीच्या पाच-सहा वाटा गळ्यात बसल्या की मधल्या मोकळ्या जागेचे भय जाते. रोजच्या रियाजाला मोबाइलवरचा ठेका चालेल, पण आठवड्यातून एकदा तरी तबलजीला बोलवा, कारण तुम्ही बोल ओढून धरलात की ठेका किंचित गहिरा करणे किंवा समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, तोंडाशी तुम्हाला हलकेच उचलून धरणे, ही कामे माणूसच करतो.

प्रश्न : एका नामवंत गायकाच्या एकाच रागाच्या दोन वेगवेगळ्या मैफलींची ध्वनिमुद्रणे मी पाठोपाठ ऐकली. काही ताना जशाच्या तशा होत्या. मग ‘सगळे ऐनवेळी सुचते’ असे जे सांगतात, ती श्रोत्यांची फसवणूक नाही का?
– एक श्रोता, नाशिक

फसवणूक मुळीच नाही. ‘सगळे ऐनवेळी सुचते’ हे विधान मात्र भाबडे आहे आणि ते जाणत्या गायकांपेक्षा निवेदकांच्या तोंडीच जास्त ऐकू येते. प्रत्येक गायकाजवळ वर्षानुवर्षे घोटून तयार झालेल्या जागा असतात. त्या त्याच्या बोलीसारख्या असतात, आणि आपणही रोज बोलताना नवे शब्द घडवत नाही.

तुम्ही पुन्हा ऐकाल तेव्हा त्या तानेपेक्षा तिच्या आगेमागे लक्ष ठेवा. ती आवर्तनाच्या कोणत्या मात्रेवर उठली? तिच्या आधी काय झाले होते? एका मैफलीत तीच तान दोन मात्रा आधी सुरू झाली असेल, तर उरलेल्या दोन मात्रांचे गायकाने काय केले? शेवटी एखादी छोटी जोड देऊन तो समेवर आला, की समेच्या आधीच थांबून त्याने ती जागा मोकळी सोडली? दोन मैफलींतला फरक अशा ठिकाणी सापडतो. तो सापडू लागला की ऐकण्याचा आनंद कितीतरी वाढतो, असा माझा अनुभव आहे.

शिवाय ध्वनिमुद्रणाच्या तंत्राचाही यात हात आहे. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तेवढ्यात राग उभा करायचा तर आराखडा पुष्कळसा आधी ठरवावा लागे. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. तिची लांबी साडेतीन मिनिटांच्या आसपास आहे. त्यांच्या रात्रभराच्या मैफलीतली बढत तिच्यात शोधू नये, पण इतक्या थोडक्या वेळात त्यांनी रागाचा जो तोल साधला, तो तरी जरूर ऐकावा.

श्रोत्यांचाही हिशेब मांडायला हवा. आवडलेली जागा पुन्हा ऐकावी, असे आपल्यालाच वाटते. संगीत नाटकांच्या काळात बालगंधर्वांच्या पदांना वन्समोअर मिळत आणि तेच पद पुन्हा गाताना ते नव्या जागा घेत. लोकांना ओळखीचे पदही हवे असे आणि त्यातले नवेही. या दोन्ही अपेक्षा एकाच वेळी पुऱ्या करणे हे गाणाऱ्याचे मोठेच काम आहे.

प्रश्न : माझा मुलगा तबल्याच्या परीक्षा देतो. कायदा आणि त्याचे पलटे तो पाठ करून वाजवतो व त्याला गुणही चांगले मिळतात. यात स्वतंत्र विचाराला जागा कुठे आहे?
– एक पालक, ठाणे

परीक्षेच्या सोयीसाठी पलटे ठरावीक झाले आहेत, ही तुमची शंका रास्त आहे. पण कायदा, म्हणजे विस्तारासाठी बांधलेली बोलांची मूळ रचना, आणि पलटे, म्हणजे तेच बोल फिरवून केलेले तिचे विस्तार, हा प्रकार मुळात स्वतंत्र विचार शिकवण्यासाठीच बेतल्यासारखा आहे. सगळ्यांना ठाऊक असलेला दिल्लीचा कायदा घ्या : धा धा ति ट धा धा तूं ना, ता ता ति ट धा धा धीं ना. याचा पलटा करताना नियम कडक असतात. मूळ कायद्यात नसलेला बोल आणायचा नाही, पहिला भाग भरी (डग्ग्याच्या घुमाऱ्यासह) आणि दुसरा खाली (आरंभी त्या घुमाऱ्याविना) हा क्रम मोडायचा नाही, आणि ओळ ‘तूंना’वर व शेवटी ‘धींना’वर मिटवायची. एवढ्या बंधनात पहिला पलटा असा निघतो : धा धा ति ट धा धा ति ट, धा धा ति ट धा धा तूं ना, पुढे ता ता ति ट ता ता ति ट, धा धा ति ट धा धा धीं ना. दुसरा असा : धा ति ट धा ति ट धा धा, धा धा ति ट धा धा तूं ना, आणि मग त्याची खाली. दुसऱ्या पलट्याच्या पहिल्या आठ अक्षरांत तीन-तीन-दोन असा वजनाचा खेळ आला आहे, तो मूळ कायद्यात नव्हता.

मुलाला हे दोन पलटे दाखवून तिसरा त्याला स्वतः करू द्या. आधी तो तोंडाने म्हणू द्या, हाताने ताल धरू द्या, आणि मगच तबल्यावर बसवू द्या. चुकला तर लगेच बरोबर उत्तर सांगू नका. खाली कुठे हरवली, ते त्याचे त्यालाच शोधू द्या. प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा तो देत राहिला तरी या अभ्यासाने त्याचे नुकसान होणार नाही.

प्रश्न : आमच्या हौशी संस्थेच्या नाटकात एक सहकलाकार दर प्रयोगात पदरची वाक्ये घालतो. हशा मिळतो, पण दिग्दर्शक चिडतात आणि मला पुढचे वाक्य कुठे घ्यावे ते कळत नाही. मराठी रंगभूमीवर याची परंपराच आहे, असे तो सांगतो. ते खरे आहे का?
– एक हौशी नट, सोलापूर

परंपरा आहे, आणि ती त्या सहकलाकाराला वाटते त्याहून जुनी आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा त्यांनी पद्ये रचली होती आणि ती सूत्रधार गात असे. पात्रांची गद्य भाषणे मात्र लिहिलेली नव्हती. पदाने प्रसंग सांगितला की नटाने तो आपल्या शब्दांत बोलून दाखवायचा. याआधी कर्नाटकातून आलेल्या मंडळींचे भागवत खेळ सांगलीत झाले होते आणि त्यांचा हा ठसा होता. पूर्ण लिहिलेले नाटक नंतर आले. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ सालचे, आणि अशा नाटकांना त्या काळी ‘बुकिश’ म्हणत. म्हणजे आपल्या रंगभूमीचा आरंभच उत्स्फूर्त बोलण्यातून झाला आहे.

तमाशातही हेच दिसते. गवळणीतली मावशी आणि पेंद्या, किंवा वगातला सोंगाड्या, यांच्याकडून हजरजबाबीपणाची अपेक्षाच असते. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके ताज्या घडामोडींवर नवनवे विनोद करत, आणि ते काय बोलतात ते ऐकायला लोक पुन्हा पुन्हा येत.

परंतु या सर्व ठिकाणी एक करार सगळ्यांना आधीपासून माहीत असतो. भाव्यांच्या नटाला ठाऊक असे की सूत्रधाराचे पुढचे पद सुरू झाले की आपण थांबायचे. सोंगाड्याच्या समोर उभ्या असलेल्या राजालाही ठाऊक असते की हा आता गावच्या पाटलाकडे वळेल आणि चार वाक्यांनी परत वगात येईल, तोवर ‘अस्सं?’, ‘मग रे?’ म्हणून त्याला धरून ठेवायचे हे राजाचे काम असते. तुमच्या नाटकात असा करार झालेला नाही. सहकलाकार संहितेबाहेर जातो आणि त्याला परत आत आणायला तुमच्यासाठी वाट ठेवत नाही. त्याला मिळणारा हशा त्याचा असतो आणि त्याच्या मागोमाग येणारी पोकळी तुमच्या वाट्याला येते. मला हे अन्यायाचे वाटते, आणि तुम्ही ते तालमीत सर्वांसमोर स्पष्टपणे बोलावे. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. त्यामुळे मनास येईल ते वाक्य घालण्याने संस्थाही अडचणीत येऊ शकते.

याचा अर्थ लिखित नाटकात उत्स्फूर्ततेला जागाच नाही, असा घेऊ नका. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये एका संस्थेची मंडळी वेळ घालवण्यासाठी अभिरूप खटला रचतात, आणि तो आपल्यासमोर त्या क्षणी रचला जात आहे असे वाटत राहते. वाक्य न् वाक्य लेखकाने लिहिलेले आहे, तरीही समोरच्याचे वाक्य जणू प्रथमच ऐकत आहोत असे नटांनी ऐकले, तर रोजच्या प्रयोगात ते ताजे राहते. मी तरुण नटांना नेहमी हेच सांगतो की पदरचे शब्द घालण्याआधी पदरचे ऐकणे आणा.

प्रसंग खरोखरच ओढवला तर काय करावे, तेही सांगतो. एखाद्याची एंट्री चुकली, तर विंगेत ऐकू जाईल असे त्याच्या पात्राचे नाव वाक्यात आणा, आणि त्याच वाक्यात तुम्ही रंगमंचावर आता काय करत आहात तेही आणा, म्हणजे आत येणाऱ्याला धागा मिळतो. समोरचा नट ब्लँक झाला तर त्याला ‘मग पुढे काय झाले?’ असे चुकूनही विचारू नका. त्याला तेच तर आठवत नसते. त्याचे वाक्य तुमच्या वाक्यात गुंफून त्याच्या हाती द्या : ‘म्हणजे काल रात्री तुम्ही कारखान्यावर गेलाच नाहीत, असे म्हणायचे आहे तुम्हाला.’ त्याने नुसते ‘हो’ म्हटले तरी प्रसंग पुढे सरकतो.

प्रश्न : आमचे मूळ गाव कुडाळजवळचे. जत्रेत दशावतार पाहताना मला नेहमी नवल वाटते की संहिता नसताना ही मंडळी रात्रभर इतके शुद्ध आणि अलंकारिक कसे बोलतात?
– एक चाकरमानी, मुंबई

मला या प्रश्नाचा फार आनंद झाला, कारण उत्स्फूर्त नाट्याचे इतके पूर्ण रूप आपल्या दारात असताना आपण त्याविषयी फार थोडे बोलतो.

दशावताराचे दोन भाग तुम्ही पाहिलेच असतील. आरंभीच्या आड दशावतारात गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती येतात आणि वेद पळवणारा काळ्या वेषातला संकासुर येतो. या भागाची चौकट पक्की असते. तरीही संकासुर मालवणीत बोलू लागला की तो गावातल्या माणसांना आणि प्रसंगांना हवे तसे ओढून घेतो. त्यानंतर आख्यान लागते आणि तिथे खरी कसोटी असते. कथा पुराणातली, बहुधा प्रेक्षकांनाही परिचयाची. कोणते आख्यान लावायचे, हे पुष्कळदा गावात पोचल्यावर यजमानांच्या इच्छेप्रमाणे ठरते. नट आपापले रंगकाम करत बसलेले असतात, तेव्हाच प्रवेशांचा क्रम सांगितला जातो : कोणी आधी यायचे, कोणाशी गाठ पडायची, युद्ध कुठे, शाप कुठे, उःशाप कुठे. संवादांतला एकही शब्द सांगितला जात नाही.

मग ते बोलतात कसे? त्यांच्याजवळ साठा असतो. देवाने दरबारात प्रवेश करताना काय बोलावे, ऋषीने आशीर्वाद कसा द्यावा, राक्षसाने आव्हान कसे द्यावे, पतिव्रतेने विलाप कसा करावा, याची भाषा लहानपणी किरकोळ भूमिका करताना विंगेतून ऐकून ऐकून त्यांच्या जिभेवर बसलेली असते. पोथ्यांचे वाचन, भजन आणि कीर्तन यांतून दृष्टांत मिळालेले असतात. परंतु साठ्याने काम निम्मेच होते. समोरचा नट नारद होऊन एखादा पेच टाकतो, ‘धर्म मोठा की वचन मोठे’ असा, तेव्हा त्याला त्याच प्रश्नात बांधलेले उत्तर द्यावे लागते, आणि ते देताना आपले पात्र, कथेचा ओघ आणि भाषेचा दर्जा सांभाळावा लागतो. रात्री दोन वाजता, एका बाकड्यालाच कधी सिंहासन तर कधी पर्वत मानून, दोन नट असा वाद रंगवतात आणि समोरचे म्हातारे श्रोते एकेका युक्तिवादाला मान डोलवतात. बुद्धीचा इतका सार्वजनिक उत्सव दुसरीकडे क्वचितच आढळेल. यांतले कितीतरी नट दिवसा शेतीत किंवा बागायतीत राबणारे असतात, हे विसरू नये.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची जागा हार्मोनियम, मृदंग आणि झांज यांच्यापाशी बसलेल्यांची आहे, असे मला वाटते. वाद लांबला, नट भरकटू लागला किंवा पुढच्या प्रवेशाचा नट अजून तयार नाही, हे सगळे त्यांना बसल्या जागेवरून दिसते. पद उचलले की प्रवेश मिटतो. मृदंग युद्धाच्या चालीवर गेला की शब्द थांबतात आणि तलवारी निघतात. गायकाला जशी सम, तसे या नटांना हे पद असते. पुढच्या जत्रेला जाल, तेव्हा थोडा वेळ नटांवरून नजर काढून त्या वादकांकडे पाहा. ते नटाच्या तोंडाकडे किती बारकाईने लक्ष ठेवून असतात, ते पाहण्यासारखे आहे.

प्रश्न : हाताशी असेल त्यातून काम भागवणारे मिस्त्री आणि कलाकाराची उपज यांत फरक आहे का?
– एक वाचक, जळगाव

पुष्कळदा नसतो. पाहुणे अचानक आल्यावर घरात भाजी नाही असे पाहून पिठले टाकणारी गृहिणी आणि योग्य सुटा भाग न मिळाल्याने पंप तात्पुरता चालू करून देणारा मिस्त्री, दोघेही आपल्या कामाची जाण पणाला लावत असतात. फरक पुढे पडतो. गायकाची चूक समेवर मिटते. उडालेल्या फ्यूजमध्ये ठरलेल्या तारेऐवजी जाड तांब्याची तार घातली, तर दिवे लागतात; पण जास्त प्रवाह आला की वितळून वीज तोडण्याचे त्या तारेचे काम बंद पडते, वायरी तापतात आणि हे घरातल्या कोणालाही माहीत नसते. वीज, गॅस आणि औषधे यांच्या बाबतीत तात्पुरती सोय केली, तर ती कोणी केली आणि केव्हा बदलायची, हे तिथेच लिहून ठेवावे. शक्य असेल तर ती करूच नये.

प्रश्न : आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांचे सूत्रसंचालन मी करते. लिहून नेलेले नीट होते. पण पाहुण्यांना उशीर झाला किंवा माइक बंद पडला की मी गोंधळते. नेमके काय बोलायला हवे होते, ते घरी आल्यावर सुचते. यावर काही उपाय आहे का?
– एक वाचक, इंदूर

घरी आल्यावर सुचते, याचा अर्थ सामग्री तुमच्याजवळ आहे. ती वेळेवर हाताशी येत नाही, एवढेच. यासाठी कीर्तनकारांकडे पाहा. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान ही चौकट ठरलेली असते, पण कोणता दृष्टांत किती लांबवायचा हे बुवा समोरच्या श्रोत्यांकडे पाहून ठरवतात. तान्ही मुले रडू लागली, वीज गेली, आरतीची वेळ जवळ आली, तरी त्यांची घडी विस्कटत नाही, कारण ओव्या, अभंग आणि कथा त्यांना मोठ्या संख्येने पाठ असतात आणि प्रत्येक कथेतून मूळ अभंगाच्या चरणावर कसे यायचे हे त्यांनी ठरवलेले असते.

तुम्हीही प्रत्येक कार्यक्रमाआधी त्या विषयाशी नाते असलेले तीन-चार छोटे तुकडे तयार ठेवा : एखादी कविता, इंदूरच्या मराठी समाजातली एखादी आठवण, येणाऱ्या वक्त्यांच्या कामातला एखादा प्रसंग. प्रत्येकाचे शेवटचे वाक्य पक्के पाठ करा, आणि ते असे असू द्या की त्यानंतर थेट पाहुण्यांचे स्वागत करता येईल किंवा पुढचा तुकडाही सुरू करता येईल. सुरुवात कशी होईल याची चिंता करू नका. सभागृहात जे घडत आहे त्यावरून ती सुचते. माइक बंद पडला, तर तो चालू असल्याचे भासवू नका. सर्वांना दिसते आहे ते सरळ सांगा, दोन पावले पुढे या आणि आवाज चढवून, पण सावकाश बोला. आणि समोरून कोणी काही म्हटले, तर लगेच उत्तर देण्याची घाई न करता त्यांचे शब्द एकदा उच्चारा. त्यामुळे मागच्या रांगेलाही ते कळतात आणि तुम्हाला विचार करायला दोन क्षण मिळतात.

एक व्यवस्था मात्र आधीच करून ठेवा. व्यासपीठावरून तुम्हाला दिसेल अशा जागी, दाराशी, एका कार्यकर्त्याला उभे करा आणि पाहुण्यांची गाडी आली की त्याने हात वर करावा, असे ठरवून घ्या.